मास्तरीन आपली!

२४ ऑगस्ट २०१८. जकार्तात आशियाई खेळांची महिला कबड्डीची फायनल, आणि बार्शीटाकळीच्या घरी टीव्हीसमोर आई नि मी. या खेळांत महिला कबड्डी आली २०१० साली. तेव्हाचं आणि २०१४ चंही सुवर्ण आपलंच. पण आदल्याच दिवशी इराणने आपल्या पुरुषांना उपांत्य फेरीत हरवलेलं, म्हणून धाकधूक होती. झालंही तसंच. इराण २७, भारत २४.

मग कळलं, इराणच्या कोच शैलजा जैन. आपल्या नाशिकच्या! स्वतः कबड्डी खेळलेल्या, वर्षानुवर्षं मुलींना शिकवत आलेल्या. भारतीय संघाचं प्रशिक्षकपद काही त्यांना मिळालं नाही. इराणने बोलावलं, त्या गेल्या. फारसी शिकल्या, मुलींकडून योग-प्राणायाम करून घेतला, शाकाहारही सांभाळला. दीडेक वर्षात सुवर्ण!

काहींना राग आला म्हणे. मला नाही आला. काम मागितलं, जिथे मिळालं तिथे केलं, यात चूक काय?

आई शाळेत हुतूतू खेळायची, लग्नानंतर सुटलं. ती म्हणाली, "पोरी इराणच्या, पन मास्तरीन आपली!"

"मग तुला वाईट वाटलं की आनंद झाला?"

"दोन्ही," म्हणाली, आणि गार झालेला चहा परत गरम करायला उठली.