नियमाकडून विश्वासाकडे : पंडिता रमाबाई

मागच्या महिन्यात बचत गटाच्या बैठकीत एक ताई उठून म्हणाल्या, "मी एकही हप्ता चुकवला नाही. गैरहजर राहिले तेव्हा दंडही भरला. तरी हा गट मला माझा वाटत नाही." त्यांचं ऐकलं आणि मला पंडिता रमाबाई आठवल्या.

रमाबाईंचा जन्म १८५८ चा. वडील अनंतशास्त्री डोंगरे यांनी लोकांचा विरोध पत्करून घरातल्या बायकांना संस्कृत शिकवलं. हे कुटुंब वर्षानुवर्षं तीर्थयात्रा करत, पुराणं सांगत फिरलं. पुढे दुष्काळ पडला. देव प्रसन्न व्हावेत म्हणून घरच्यांनी उपास केले, दानधर्म केला, होतं नव्हतं ते देऊन टाकलं, असं रमाबाईंनीच लिहून ठेवलंय. तरी आई, वडील, थोरली बहीण गेली. त्या आणि भाऊ उरले.

१८८३ साली त्या शिकायला इंग्लंडला गेल्या. वाँटेजच्या ख्रिस्ती भगिनींकडे राहिल्या आणि त्याच वर्षी सप्टेंबरात लहानग्या मनोरमेसह बाप्तिस्मा घेतला. आता प्रश्न मिटला असं आपल्याला वाटेल. पण चर्चमधले वरिष्ठ सांगतील तेच मानायचं, हे त्यांना पटेना. सिस्टर जेराल्डाइन यांना लिहिलेल्या पत्रांत त्या स्पष्ट सांगतात, की एका पुरोहितवर्गाचं जू मोठ्या कष्टानं मानेवरून उतरवलंय, लगेच दुसरं घ्यायची तयारी नाही.

१८८९ मध्ये त्यांनी मुंबईत विधवांसाठी शारदा सदन काढलं. काम जोरात होतं, पण मन स्वस्थ नव्हतं. बाप्तिस्म्याला आठ वर्षं झाल्यावर त्यांच्या लक्षात आलं, की आपल्याला ख्रिस्ती धर्म मिळाला, ख्रिस्त मात्र मिळालेला नाही. आधी चांगलं व्हायचं आणि मग देवाकडे जायचं, असं नसतं. आहे तशी जायचं असतं. क्षमा कष्टानं कमवायची नसते, विश्वासानं घ्यायची असते. पौलानं गलतीकरांना लिहिलेल्या पत्राचं सारही हेच आहे. नियमशास्त्र पाळून माणूस देवापुढे नीतिमान ठरत नाही, विश्वासानं ठरतो.

मग शिस्त सुटली का? मुळीच नाही. १८९६-९७ च्या दुष्काळात रमाबाई मध्य प्रांतात गेल्या आणि सुमारे ३०० मुली-बायकांना घेऊन आल्या. केडगावला मुक्ती सदन उभं राहिलं. तिथं शेती, विणकाम, छपाई शिकवली जाई. स्वतः रमाबाई हिब्रू आणि ग्रीक शिकल्या आणि साध्या बायकांना कळेल अशा मराठीत बायबलचं भाषांतर केलं. ते छापायचं कामही मुक्तीतल्याच बायकांनी केलं. १९२२ मध्ये जाईपर्यंत त्या या कामात होत्या. एवढे कष्ट देवाची मर्जी विकत घ्यायला नव्हते. प्रेम आधी मिळालं होतं, काम त्यातून आलं. झाडाला फळ लागतं तसं. फळं बांधून झाड जगत नाही.

आता त्या ताईंकडे येते. बैठकीनंतर मी त्यांच्या घरी गेले. त्या गैरहजर होत्या तेव्हा त्यांची मुलगी दवाखान्यात होती. गटातलं कुणीही विचारायला गेलं नव्हतं. दंड मात्र वहीत लिहिला होता, आणि तो मीच लिहिला होता.

आम्ही दंडाचा नियम काढलेला नाही. पण आता कुणी गैरहजर असलं, की आधी दोघीजणी तिच्या घरी जातात. वही नंतर उघडते.

मैत्रिणींनो, तुमचा धर्म कोणताही असो, आपण जे पाळतो ते भीतीनं पाळतो की विश्वासानं, एवढं आज स्वतःला विचारून बघा.