अंगणातली परात

माझ्या लहानपणी दूरदर्शनच्या चित्रात मुंग्या आल्या, की वडील कौलांवर चढत, आई दारात उभी राही आणि मी पडद्यासमोर बसे. वरून प्रश्न येई, "आलं का?" मी ओरडे, "नाही!" आई तोच निरोप वर पोचवी. घरातल्या दुसऱ्या कुठल्याच वस्तूने त्या अँटेनाएवढे बोल खाल्ले नसतील. पण दर वेळी दोष तिचाच असे का? ग्रोट रेबर या गृहस्थाची हकिकत वाचली, तेव्हा हा प्रश्न मला प्रथम पडला.

रेबरचा जन्म 1911 सालचा. राहणारा शिकागोजवळच्या व्हीटन गावचा. बिनतारी संदेशांचा त्याला पोरवयापासून नाद. 1933 साली कार्ल जान्स्की या अमेरिकन इंजिनिअरने जाहीर केले, की आकाशगंगेतून रेडिओलहरी येतात. खगोलशास्त्रज्ञांनी ते फारसे मनावर घेतले नाही, रेबरने घेतले. 1937 च्या उन्हाळ्यात त्याने आईच्या घराशेजारी, पदरच्या पैशाने, लाकडी सांगाड्यावर पत्रे ठोकून साडेनऊ मीटर व्यासाची प्रचंड परात उभी केली. परातीवर पडलेल्या लहरी वर टांगलेल्या ग्राहकयंत्रात गोळा व्हायच्या, अशी योजना. शेजारीपाजारी चक्रावले. त्याच्या आईला मात्र कपडे वाळत घालायला ही एक बरी सोय झाली!

पण परात काही बोलेना. तापलेल्या वस्तूंच्या नियमाप्रमाणे लहर जितकी आखूड तितका जोर अधिक, म्हणून रेबरने आधी 9 सेंटिमीटरच्या लहरी शोधल्या. काही नाही. नवे ग्राहकयंत्र बांधून 33 सेंटिमीटरवर ऐकले. तरी शुकशुकाट! दुसऱ्या कुणी परातच मोडीत काढली असती. रेबरने परात तशीच ठेवली आणि संशय घेतला तो त्या गृहीतावर. आकाशातून येणाऱ्या लहरी उष्णतेचा नियम पाळतच नसतील तर? त्याने तिसरे यंत्र बांधले, 187 सेंटिमीटरचे; लहर जवळजवळ माणसाच्या उंचीची. आता आकाशगंगा बोलू लागली!

तरी एक विघ्न उरलेच. रस्त्यावरच्या मोटारींच्या इंजिनात ठिणगी पडली, की यंत्रात खरखर होई. मोटारींना कोण थांबवणार? रेबरने स्वतःचीच दिनचर्या बदलली. दिवसा शिकागोत नोकरी, जेवून थोडी झोप, आणि मध्यरात्रीपासून पहाटेपर्यंत दर मिनिटाला काट्याची नोंद. 1940 मध्ये त्याचे निष्कर्ष खगोलशास्त्राच्या नियतकालिकात छापले गेले आणि 1944 मध्ये त्याने आकाशाचा रेडिओ-नकाशा प्रसिद्ध केला.

आपल्या नारायणगावजवळ खोडद येथे डॉ. गोविंद स्वरूप यांच्या कल्पनेतून उभ्या राहिलेल्या, प्रत्येकी 45 मीटर व्यासाच्या 30 अँटेना आहेत. सुमारे दोन मीटर लांबीच्या लहरी त्याही ऐकतात. शाळेची सहल तिथे नेली, तेव्हा मोबाइल बंद करण्याची सूचना मिळाली. एक मुलगा कुरकुरला, "सर, एवढ्याशा मोबाइलनं काय होतंय?"

मी त्याला व्हीटनच्या रस्त्यावरून जाणाऱ्या मोटारींची गोष्ट सांगितली. त्याने मुकाट्याने मोबाइल बंद केला आणि मान वर करून तो त्या जाळीच्या परातीकडे बघत राहिला.