‘टँक’ : गडावरच्या टाक्यापासून रणगाड्यापर्यंत

उन्हाळा लागला, की पुण्याच्या उपनगरांतील अनेक सोसायट्या टँकरची वाट पाहू लागतात. ज्या ‘टँक’वरून हा शब्द आला, त्याचे मूळ मात्र याच मातीत असण्याचा मोठा संभव आहे.

‘टँक’ची व्युत्पत्ती देताना इंग्रजी कोशकार गुजराती ‘टांकुं’ आणि मराठी ‘टाके’ या शब्दांकडे निर्देश करतात. सिंहगडावरील देवटाके पाहिलेल्यांना टाके म्हणजे काय, हे सांगावे लागत नाही. खडकात खोदलेला आणि पावसाचे पाणी साठवणारा तो हौद. काही अभ्यासक या शब्दाचा संबंध संस्कृत ‘तडाग’शी जोडतात. दुसरीकडे, पोर्तुगीज भाषेतही तळे वा हौद या अर्थाचा ‘तांक’ हा शब्द असून, त्याचे मूळ पाणी अडविण्याच्या क्रियेत आहे. यूल आणि बर्नेल यांच्या ‘हॉब्सन-जॉब्सन’ (१८८६) या कोशाने दोन्ही उगमांची दखल घेतली आहे. भारतात आलेल्या इंग्रजांच्या कानी हे दोन्ही शब्द पडले आणि सतराव्या शतकात ‘टँक’ इंग्रजीत रुळला.

भारतातील इंग्रजीत त्याचा अर्थ तलाव असाच राहिला. मुंबईतील गोवालिया टँक आणि सी. पी. टँक ही नावे त्याची साक्ष देतात. पुण्यात डेक्कन जिमखान्यावरील पोहण्याचा तलाव ‘टिळक टँक’ म्हणूनच ओळखला जातो. इंग्लंडमध्ये मात्र हा शब्द द्रव साठविण्याच्या पात्राला चिकटला.

त्याला युद्धाचा अर्थ मिळाला तो पहिल्या महायुद्धात. नव्या चिलखती वाहनाची गुप्तता राखण्यासाठी ब्रिटिशांनी ती पाण्याची टाकी असल्याचे भासविले. १५ सप्टेंबर १९१६ रोजी सोमच्या लढाईत ही वाहने प्रथम उतरली आणि सांकेतिक नावच कायम झाले. मराठीने त्यासाठी ‘रणगाडा’ हा समर्पक शब्द घडविला.

या अर्थाशीही पुण्याचे नाते आहे. १९६५ च्या युद्धातील लेफ्टनंट कर्नल अर्देशीर तारापोर आणि १९७१ च्या युद्धातील सेकंड लेफ्टनंट अरुण खेत्रपाल हे दोन्ही परमवीरचक्र विजेते ‘पूना हॉर्स’ रेजिमेंटचे. तारापोर यांचे शिक्षण पुण्यात झाले, तर खेत्रपाल यांचा जन्म पुण्यातला. अहिल्यानगर (पूर्वीचे अहमदनगर) येथील रणगाडा संग्रहालय १९९४ पासून या वाहनांचा इतिहास जपत आहे.

पुढे तज्ज्ञांच्या अभ्यासगटाला ‘थिंक टँक’ म्हटले जाऊ लागले, तर बाजार कोसळला की तो ‘टँक’ झाला, असेही इंग्रजीत म्हणतात.

शब्द असा जगभर फिरला आणि ‘टँकर’ होऊन घरी परतला. गडकऱ्यांनी मात्र पाणी बाहेरून येण्याची वाट पाहिली नव्हती. पडणारा पाऊस त्यांनी जागच्या जागी, खडकातच साठविला. ठरावीक आकाराच्या भूखंडांवरील नव्या इमारतींना पर्जन्यजल संधारण आज सक्तीचे आहे, तेही याच जुन्या शहाणपणाच्या आधारे. ते कागदावर न राहता अमलात आले, तरच ‘टाके’ या शब्दाचा मूळ अर्थ शहराला पुन्हा गवसेल.