अपघात झाल्यावर ड्रायव्हरने काय करावे?

श्रोतेहो, रस्त्यावर अपघात झाला की पुष्कळदा ड्रायव्हर गाडीसह पसार होतो. तो नेहमीच निर्दय असतो असे नाही. लोक मारतील, पोलीस धरतील, ही भीती त्याला पळवते. पण तो पळाला की जखमी मात्र तिथेच तळमळत राहतो. म्हणून या बाबतीत कायदा कसा घडत गेला, ते आज पाहू.

मोटारींविषयी पहिला अखिल भारतीय कायदा झाला १९१४ साली. पुढे १९३९ च्या कायद्याने ड्रायव्हरवर दोन जबाबदाऱ्या स्पष्टच टाकल्या : जखमीला वैद्यकीय मदत मिळवून द्यायची आणि २४ तासांच्या आत पोलीस ठाण्यावर वर्दी द्यायची. १९८८ च्या कायद्यानेही त्या कायम ठेवल्या. जमाव खवळला आणि मदत करणे अशक्यच झाले, तर तेवढी सवलत आहे. पण म्हणून वर्दी चुकत नाही बरं का!

आता प्रश्न असा की, जखमीला नेले आणि दवाखान्यानेच नाकारले तर? तसे घडलेही. मोटारीची धडक बसलेल्या एका स्कूटरस्वाराला एका भल्या माणसाने जवळच्या इस्पितळात नेले. तिथे सांगण्यात आले, ‘पोलीस केस आहे, दुसरीकडे न्या.’ ते दुसरे इस्पितळ २० किलोमीटरांवर ! बिचारा वाटेतच गेला. ही बातमी वाचून परमानंद कटारा यांनी सर्वोच्च न्यायालयात दाद मागितली. १९८९ साली न्यायालयाने बजावले की, आधी प्राण वाचवा, कागदपत्रे मागाहून. हे बंधन सरकारी आणि खाजगी अशा दोन्ही डॉक्टरांवर आहे.

तरीही चौकशीचा ससेमिरा लागेल म्हणून वाटसरू कचरतच. २०१६ साली न्यायालयाने त्यांच्या संरक्षणाचे नियम मान्य केले आणि २०१९ साली ते संरक्षण कायद्यातच आले. मदत करणाऱ्याला आता नाव सांगण्याची सक्ती नाही.

तेव्हा ड्रायव्हरदादा, गाडी थांबवा, १०८ किंवा ११२ ला फोन करा, जखमीला दवाखान्यात पोचवा. लोक अंगावर आले, तर सरळ पोलीस ठाणे गाठा आणि तिथून मदत धाडा. विमा कंपनीलाही कळवा.

आणि गुरुजी, हे एकदा वर्गात जरूर सांगा. आजची मुले उद्या गाडी चालवणार आहेत.