पदवीनंतरचा हिशेब

मुलाने वा मुलीने कोणत्या महाविद्यालयात जावे, हा विषय घरात निघाला की वडीलधारी मंडळी दोनच प्रश्न विचारतात. फी किती? आणि नोकरी लागेल का? पहिल्याचे उत्तर माहितीपत्रकात छापलेले असते. दुसऱ्याचे उत्तर मात्र बहुधा त्या महाविद्यालयाच्याच तोंडून ऐकावे लागते, आणि आपल्या ताकाला आंबट कोण म्हणेल? आमच्या धर्मग्रामांतूनही मुले कर्ज काढून अमेरिकेस शिकायला जातात. त्या देशात या दुसऱ्या प्रश्नाचे खरे उत्तर लोकांसमोर यावे म्हणून जी झटापट झाली, तिची हकीकत आम्ही येथे मांडीत आहोत.

आरंभ झाला तो खेळाच्या मैदानावरून. तेथील महाविद्यालये गरीब घरांतील उंचपुऱ्या मुलांना बास्केटबॉल व फुटबॉल खेळण्यासाठी शिष्यवृत्ती देऊन आणीत. त्यांच्या खेळावर पैसा व कीर्ती मिळवीत, आणि चार वर्षांनी त्यांतली कितीतरी मुले पदवीविनाच घरी परतत. न्यू जर्सीचे सिनेटर बिल ब्रॅडली हे स्वतः एके काळचे नामांकित बास्केटबॉलपटू. त्यांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी हा विषय लावून धरला, आणि १९९० साली विद्यार्थ्यांच्या जाणून घेण्याच्या हक्काचा कायदा झाला. किती विद्यार्थी पदवी पुरी करतात, हे प्रत्येक महाविद्यालयाने जाहीर करावे, असे त्यात ठरले. पण पदवी घेऊन ते पुढे कोठे गेले, हे तो कायदा विचारीत नव्हता.

ही रिकामी जागा महाविद्यालयांनी आपापल्या परीने भरून काढली. कायद्याचे शिक्षण देणाऱ्या संस्था पदवीनंतर नऊ महिन्यांनी आपले नव्वद टक्क्यांहून अधिक विद्यार्थी नोकरीत असल्याचे सांगत. त्यात वकिली करणारा जसा असे, तसाच हॉटेलात ताटे वाढणाराही असे. ‘नोकरीत’ हा शब्द खोटा नव्हता; अर्थ मात्र पोकळ होता. २००९ साली व्हँडरबिल्ट विद्यापीठातील कायल मॅकेंटी व पॅट्रिक लिंच या कायद्याच्या दोन विद्यार्थ्यांनी संस्था काढून आकड्यांची फोड मागण्यास सुरुवात केली. पुढे पदवीधर न्यायालयातही गेले. सॅन दिएगो येथील एका खटल्याचा निकाल २०१६ साली लागला. ज्यूरीने नऊ विरुद्ध तीन मतांनी महाविद्यालयाच्या बाजूने कौल दिला. मात्र तोवर कायदा महाविद्यालयांना मान्यता देणाऱ्या वकीलसंघाने माहिती देण्याचे नियम कडक केले होते.

याहून दुःखद प्रकरण हील्ड कॉलेजचे. १८६३ साली सॅन फ्रान्सिस्कोत सुरू झालेली ही जुनी संस्था पुढे कोरिंथियन कॉलेजेस या नफ्यासाठी चालणाऱ्या कंपनीच्या ताब्यात गेली. केंद्रीय शिक्षण खात्याने २०१५ च्या एप्रिलमध्ये तिला सुमारे तीन कोटी डॉलरचा दंड ठोठावला. खात्याच्या चौकशीतून जे निघाले ते वाचून आम्ही थक्क झालो. तात्पुरते कामगार पुरवणाऱ्या कंपन्यांना पैसे देऊन हील्डने आपल्याच पदवीधरांना आपल्याच आवारात कामावर ठेवविले होते, कधी अवघ्या दोन दिवसांसाठी. काम काय, तर संगणक इकडचे तिकडे हलवायचे आणि तारा नीट लावायच्या. अशांची नोंद ‘आपल्या क्षेत्रात नोकरी लागली’ अशी झाली. हिशेबशास्त्राची एक पदवीधर २०११ सालची. तिची नोकरी म्हणून दाखविलेले काम होते टॅको बेल या उपाहारगृहातले, आणि ते तिने धरले होते २००६ साली! दंडानंतर दोन आठवड्यांच्या आत कंपनीने उरलेली महाविद्यालये बंद केली. सुमारे सोळा हजार विद्यार्थी मध्येच उघड्यावर पडले.

आता वाचक विचारतील, सरकारला हे आधी कळू नये काय? खरे सांगायचे तर कळण्याची साधने सरकारपाशीच होती. कोण कोठे शिकला याची नोंद शिक्षण खात्याकडे कर्जाच्या निमित्ताने होती. कोण किती कमावतो याची नोंद कर खात्याकडे. दोन्ही वह्या शेजारी ठेवल्या की उत्तर मिळाले असते. फ्लोरिडा राज्य आपल्यापुरते असे काही १९८० च्या दशकापासून करीत होते. २००६ साली शिक्षणमंत्री मार्गारेट स्पेलिंग्ज यांनी नेमलेल्या आयोगाने देशभर अशी सोय करण्याची शिफारस केली. त्यावर काय व्हावे? २००८ च्या उच्च शिक्षण कायद्यात विद्यार्थीनिहाय राष्ट्रीय नोंदवही तयार करण्यास चक्क मनाई करण्यात आली.

या मनाईसाठी सर्वांत जोर लावला तो खासगी महाविद्यालयांच्या संघटनेने. तिच्या सभासदांत चर्चप्रणीत, कॅथलिक संस्थाही आहेत. हे लिहिताना संकोच वाटतो, पण झाकून ठेवणे बरे नव्हे. विद्यार्थ्याचे खासगी जीवन सरकारी दप्तरात जाऊ नये, हा त्यांचा मुद्दा होता, आणि तो पोकळ नव्हे. शिक्षिका, परिचारिका, समाजसेवक यांच्या जीवनाची किंमत पगारावरून कशी करावी, ही शंकाही आम्हांस मनापासून पटते. तथापि जो बाप घर गहाण टाकून मुलीला शिकवतो, त्याला पगाराचा आकडा कळू न देणे म्हणजे त्या सेवाव्रताचा मान राखणे, असे आम्हांस वाटत नाही. कमी पगार जाणून पत्करणे वेगळे आणि न जाणता त्यात सापडणे वेगळे.

मनाईतून वाट निघाली ती २०१५ च्या सप्टेंबरात. राष्ट्राध्यक्ष ओबामा यांनी २०१३ साली ‘कॉलेज स्कोअरकार्ड’ नावाचे माहितीपत्रक सुरू केले होते. आता त्यात प्रथमच प्राप्तीचे आकडे आले. ज्यांनी केंद्रीय कर्ज वा अनुदान घेतले, त्यांच्याच नोंदी कर खात्याशी ताडून, व्यक्तीचे नाव न देता, संस्थेगणिक मधला आकडा काढण्यात आला. उणिवा पुष्कळ होत्या. एकाच संस्थेतील परिचारिका आणि चित्रकार यांची प्राप्ती एकाच आकड्यात मिसळली होती. हिल्सडेल कॉलेजसारख्या केंद्रीय मदत न घेणाऱ्या संस्था त्यात नव्हत्याच. अभ्यासक्रमानुसार आकडे आले ते २०१९ साली. २०२५ च्या जुलैत झालेल्या कायद्याने तर आणखी पुढचे पाऊल टाकले: ज्या अभ्यासक्रमाचे पदवीधर केवळ शालान्त शिकलेल्यांइतकेही कमावीत नाहीत, त्याला तीनपैकी दोन वर्षे तसे आढळल्यास केंद्रीय कर्ज बंद. २००८ ची मनाई मात्र उठलेली नाही.

आपल्याकडे असे काही आहे काय? केंद्र सरकारच्या राष्ट्रीय मानांकनात, म्हणजे एनआयआरएफमध्ये, २०१६ पासून भाग घेणाऱ्या संस्थांनी दिलेले तक्ते सर्वांना पाहता येतात. किती जणांनी प्रवेश घेतला, किती जण वेळेत उत्तीर्ण झाले, किती जणांना नोकरी लागली, किती जण पुढे शिकायला गेले आणि नोकरी लागलेल्यांचा मध्यक पगार किती, एवढे त्यात असते. मध्यक म्हणजे सर्वांना पगाराच्या क्रमाने ओळीत उभे केले असता बरोबर मध्ये येणाऱ्याचा पगार. एखाद्याच्या कोटीच्या पगाराने तो फुगत नाही. जाहिरातीत झळकतो तो सर्वांत मोठा आकडा. पालकांनी पाहावा तो हा. मात्र हे तक्ते संस्था स्वतःच भरतात, कर खात्याच्या वहीतून ते येत नाहीत.

अमेरिकेस जाऊ पाहणाऱ्यांसाठी एक गोष्ट राहिली. ते स्कोअरकार्ड येथे वसईत बसूनही कोणालाही विनामूल्य पाहता येते, आणि कर्जाच्या कागदावर सही करण्याआधी जरूर पाहावे. पण ते आकडे केंद्रीय मदत घेणाऱ्यांचे आहेत, आणि विद्यार्थी व्हिसावर गेलेल्या परदेशी मुलांना ती मदत मिळतच नाही. म्हणजे आपल्या गावाहून तेथे शिकून आलेल्या वा तेथेच राहिलेल्या मुलांपैकी एकाचाही पगार त्या मधल्या आकड्यात धरलेला नाही.