भावना आणि विचार : प्रौढ वयातील परस्परसंबंध

विचार भावनेला घडवतो की भावना विचाराला ओढून नेते, हा वाद जुना आहे. अल्बर्ट एलिस यांनी १९५५च्या सुमारास मांडले, की माणूस अस्वस्थ होतो तो प्रसंगापेक्षा त्याविषयीच्या स्वतःच्या हट्टी समजुतींमुळे. कि. मो. फडके यांनी ही विवेकनिष्ठ पद्धती मराठीत रुजवली. मात्र भीतीने लक्ष एकाच ठिकाणी खिळते, हेही तितकेच खरे. वयाबरोबर बदलतो तो या दोन ओढींमधला तोल. लॉरा कार्स्टेन्सन यांच्या मते, हाताशी उरलेला काळ थोडा आहे असे वाटू लागले, की माणूस नव्या ओळखींपेक्षा जिवाभावाच्या नात्यांकडे वळतो. २००३च्या एका प्रयोगात वयस्कांच्या आठवणीत सुखद चित्रांच्या मानाने दुःखद चित्रे कमी उरली. तरुणांत हा फरक तितका नव्हता. नाशिकच्या इंदिरानगरातल्या जॉगिंग ट्रॅकवर रोजचा ठरलेला कट्टा सांभाळणारे निवृत्त लोक नुसता वेळ घालवत नसतात. काय मनाला लावून घ्यायचे नि काय सोडायचे, याची ती निवड असते.

ही निवड नव्हे, मेंदूची झीज आहे, असा आक्षेप काही जण घेतात. तो टिकत नाही. मारा मॅथर आणि मारिसा नाइट यांनी २००५मध्ये वयस्कांना एकाच वेळी दुसरे काम दिले, तेव्हा सुखदाकडचा हा कल नाहीसा झाला. झीज असती तर लक्ष विभागल्यावर तो टिकायला हवा होता. दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे : हाँगकाँगमधील वयस्कांत हा कल तसाच आढळला नाही. म्हणून पाश्चात्त्य निष्कर्ष आपल्याकडे जसेच्या तसे लावू नयेत.

निवडीच्या या क्षमतेला मर्यादाही आहे. सुझन चार्ल्स म्हणतात, की ताणापासून दूर होता येते तोवरच वयाचा हा फायदा टिकतो. ‘डिजिटल अरेस्ट’ नावाच्या फसवणुकीतला व्हिडिओ कॉल पाहा : पडद्यावर पोलिसी गणवेश, नंतर हुकूम, ‘कॅमेरा बंद करायचा नाही, घरात कुणाला सांगायचे नाही.’ आयुष्यभर कमावलेले दोन्ही उपाय, बाजूला होणे आणि आपल्या माणसाशी बोलणे, एका दमात काढून घेतले जातात. अशी अटक कायद्यात नाही, हे ठाऊक असलेला हिशेबी माणूसही मग बँकेत जाऊन मुदतठेव मोडतो. त्याला मूर्ख ठरवणे अन्यायाचे आहे. फोन ठेवून शेजाऱ्याची बेल वाजवली, तर तेच डोके पुन्हा चालू लागते आणि १९३० हा तक्रारीचा क्रमांकही आठवतो.