मुंबई–दिल्ली हवाई अंतर व प्रवासकाल

मुंबई–दिल्ली हा भारतातील सर्वाधिक वर्दळीचा देशांतर्गत हवाई मार्ग असून जगातील अत्यंत गजबजलेल्या मार्गांमध्येही त्याची गणना होते. मुंबईचा छत्रपती शिवाजी महाराज आंतरराष्ट्रीय विमानतळ आणि दिल्लीचा इंदिरा गांधी आंतरराष्ट्रीय विमानतळ यांच्यातील सरळ हवाई अंतर सुमारे १,१४० किलोमीटर आहे. हेच अंतर सुरत–वडोदरा–रतलाम–कोटा या लोहमार्गाने १,३८४ किलोमीटर भरते. विमानांना ठरवून दिलेल्या हवाई वाटांनी जावे लागत असल्याने त्यांचे प्रत्यक्ष उड्डाण सरळ अंतरापेक्षा काहीसे लांबते.

इतिहास

टाटांची मुंबई–दिल्ली विमानसेवा १९३७ साली सुरू झाली. ही विमाने इंदूर, भोपाळ व ग्वाल्हेर येथे थांबत जात. टाटांचा तळ त्या काळी जुहू येथे होता. तेथील जमीन पावसाळ्यात चिखलमय होत असल्याने आरंभीच्या वर्षांत त्यांची उड्डाणे पुण्याहून होत असत.

प्रवासकाल

विमान आकाशात साधारणपणे एक तास चाळीस मिनिटे असते. वेळापत्रकात मात्र दोन ते सव्वादोन तास किंवा त्याहूनही अधिक वेळ दाखविलेला आढळतो. वेळापत्रकातील वेळ विमान आपल्या थांब्यावरून हलल्यापासून दुसऱ्या विमानतळावरील थांब्यावर उभे राहीपर्यंत मोजतात. धावपट्टीपर्यंतची वाटचाल, उड्डाणाची प्रतीक्षा आणि उतरण्यापूर्वीच्या घिरट्या यांत धरलेल्या असतात. शिवाय भारतात पंधरा मिनिटांच्या आतील विलंब ‘विलंब’ गणला जात नाही. त्यामुळे विमान ‘वेळेआधी पोहोचले’ या घोषणेचे श्रेय वेगाला कमी आणि सैल वेळापत्रकाला अधिक जाते.

विलंबाचे मूळ बहुधा आकाशात नसून जमिनीवर असते. मुंबईच्या दोन धावपट्ट्या एकमेकींना छेदतात. त्या एकाच वेळी स्वतंत्रपणे वापरता येत नाहीत. म्हणून दोन असूनही काम जवळजवळ एकीचेच होते. पावसाळ्यापूर्वीच्या देखभालीसाठी त्या काही तास बंद ठेवल्या जातात, त्या दिवशी उड्डाणांचे वेळापत्रक आखडते. दिल्लीत चार धावपट्ट्या आहेत, परंतु डिसेंबर–जानेवारीतील दाट धुके तेथील मोठा अडथळा ठरते. योग्य उपकरणे व प्रशिक्षित वैमानिक असल्यास ५० मीटर दृश्यतेतही तेथे उतरता येते. उड्डाणासाठी मात्र १२५ मीटर दृश्यता लागते. परिणामी आलेले विमान उतरते, पण परत निघू शकत नाही, आणि त्याच विमानाची मुंबईहून सुटणारी पुढची फेरी खोळंबते. मुंबईत आकाश निरभ्र असताना विमान का सुटत नाही, याचे कारण पुष्कळदा हेच असते.

विमानतळावर दोन तास आधी पोहोचणे, सामानाची प्रतीक्षा आणि शहरातील वाहतूक धरली, तर घरापासून मुक्कामापर्यंत सहा-सात तास सहज जातात. राजधानी एक्सप्रेसला सुमारे सोळा तास लागतात, पण त्यांतील रात्र झोपेत जाते. मुलाखतीसारख्या चुकवता न येणाऱ्या कामासाठी हिवाळ्यात पहाटेच्या विमानावर विसंबण्याऐवजी आदल्या दिवशी पोहोचणे अधिक सुरक्षित. दाट धुक्यात रेल्वेगाड्याही रखडतात.

नवी मुंबई विमानतळाचे उद्घाटन ८ ऑक्टोबर २०२५ रोजी झाले. तेथून दिल्लीचे हवाई अंतर फारसे वेगळे नाही. विमानतळ गाठण्यास लागणारा वेळ मात्र प्रवाशाच्या घराच्या ठिकाणानुसार बराच बदलतो.